पदवी गेली, आडनाव उरले

स्टेफी ग्राफ हे नाव १९८७ नंतरच्या दहाबारा वर्षांत मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर इतक्या वेळा छापून आले, की 'ग्राफ' म्हटले की आपल्याला अजूनही टेनिसच आठवते. त्याच काळात हँबर्गच्या 'डी त्साइट' या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर आणखी एका जर्मन स्त्रीचे नाव नेमाने येत होते : मारियोन ग्रेफिन डोनहॉफ. 'ग्रेफिन' हे 'ग्राफ'चेच स्त्रीरूप. दोघींच्या आडनावांत एकच शब्द, पण एकीच्या नावात तो स्त्री म्हणून बदलतो आणि दुसरीच्या नावात तसाच राहतो. स्टेफीला कुणी कधी 'स्टेफी ग्रेफिन' म्हटले नाही, आणि म्हटले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. डोनहॉफबाईंना मात्र 'ग्राफ' म्हणणे व्याकरणाने, रीतीने आणि कायद्यानेही चूक झाले असते. या एवढ्याशा फरकामागे एका राज्यघटनेतले एक वाक्य, सर्वोच्च न्यायालयाचा एक निवाडा आणि शंभर वर्षांचा व्यवहार उभा आहे. त्या व्यवहाराने मला बरीच वर्षे खिळवून ठेवले आहे.

'ग्राफ', म्हणजे इंग्रजीतला 'काउंट', हा मुळात एक हुद्दा. फ्रँक राजांच्या काळात, शार्लमेनच्या आगेमागे, एखाद्या मुलखाचा न्यायनिवाडा, वसुली आणि फौजफाटा राजाच्या वतीने सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा. पुढे हुद्दा वंशपरंपरेने चालू लागला, त्याला जमीन जोडली गेली, आणि लांडग्राफ, मार्कग्राफ, फाल्त्सग्राफ, बुर्गग्राफ असे त्याचे किती तरी प्रकार झाले. पण हाच शब्द खालच्या पायरीवरही वावरत होता. हेसेनसारख्या भागात गावाचा कारभार पाहणाऱ्याला त्याच कुळातल्या शब्दाने ओळखत, आणि उत्तर समुद्राच्या काठी बांधबंदिस्ती राखणाऱ्या अधिकाऱ्याला डाइशग्राफ म्हणत. त्यामुळे सामान्य माणसांतही 'ग्राफ' हे आडनाव पसरले. कुणाचा पूर्वज असा गावकारभारी होता, कुणी एखाद्या ग्राफच्या पदरी चाकरीला होता, कुणाला त्याच्या ऐटीमुळे गावाने ते नाव ठेवले. कायझर (सम्राट), क्योनिग (राजा), हेर्त्सोग ही आडनावेही याच वाटेने आली. १९९४ ते १९९९ या काळात जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या रोमान हेर्त्सोग यांच्या आडनावाचा अर्थ 'ड्यूक' असा होतो, पण त्यांना त्या आडनावामुळे कुणी उमराव मानले नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरात जर्मन राजेशाही कोसळली. कैसर हॉलंडला गेला, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग इथले राजे पायउतार झाले. नव्या प्रजासत्ताकासमोर प्रश्न होता, की हजारो घराण्यांच्या नावापुढे असलेल्या या किताबांचे करायचे काय. ११ ऑगस्ट १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १०९ व्या कलमाने त्याचे उत्तर दिले : जन्माने किंवा वर्गाने मिळणारे सार्वजनिक विशेषाधिकार रद्द, उमरावपणाची संबोधने यापुढे केवळ नावाचा भाग मानली जातील, आणि ती कुणालाही नव्याने देता येणार नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर वायमारची घटना इतिहासजमा झाली, तरी ही तरतूद साधा कायदा म्हणून चालू राहिली आणि आजही चालू आहे.

या तरतुदीतला मधला भाग मला फार विचारपूर्वक लिहिलेला वाटतो. किताब रद्द केला असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तो जिथे उभा होता तिथून उचलून दुसरीकडे ठेवला आहे. त्याआधी तो माणसाच्या नावाच्या पुढे, दरबारातल्या भालदाराच्या ललकारीसारखा, येत असे. आता तो नाव आणि आडनाव यांच्या मध्ये जाऊन बसला आणि कायद्याच्या दृष्टीने आडनावाचा पहिला शब्द झाला. १९७७ ते १९८४ या काळात पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री असलेले ओटो ग्राफ लाम्ब्सडॉर्फ १९२६ साली जन्मले, म्हणजे त्यांचा 'ग्राफ' जन्मापासून आडनावच होता, किताब तो कधीच नव्हता. कायद्याला धरून बोलायचे तर त्यांना 'हेर ग्राफ लाम्ब्सडॉर्फ', म्हणजे 'श्रीयुत ग्राफ लाम्ब्सडॉर्फ' असे म्हणायला हवे. रीत मात्र 'हेर' गाळून नुसते 'ग्राफ लाम्ब्सडॉर्फ' म्हणण्याची आहे. कायदा ज्याला आडनाव म्हणतो त्याला माणसे बोलताना अजून किताबाचाच मान देतात. ग्रंथालयाच्या सूचीत तर तिसरीच तऱ्हा दिसते. तिथे ही मंडळी 'ग'मध्ये सापडत नाहीत. 'लाम्ब्सडॉर्फ, ओटो ग्राफ' अशी नोंद असते.

एकदा किताब आडनाव ठरला, की लगेच दुसरी अडचण येते. जर्मन आडनाव लिंगानुसार बदलत नाही. बापाचे आडनाव म्युलर तर मुलीचेही म्युलरच. त्या न्यायाने 'फ्राइहेर' (आपल्या ओळखीच्या शब्दांत, बॅरन) असलेल्या माणसाच्या मुलीला कागदोपत्री 'फ्राइहेर' म्हणावे लागले असते, आणि त्या शब्दाच्या पोटात तर 'हेर', म्हणजे पुरुषच, बसलेला. प्रश्न लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, राइशगेरिश्टपर्यंत गेला. १० मार्च १९२६ रोजी त्या न्यायालयाने ठरवले, की ही आडनावे पूर्वीच्या प्रथेप्रमाणे लिंगानुसार बदलतील. त्यामुळे आजही जर्मनीत एखाद्या घरात नवऱ्याचे आडनाव 'फ्राइहेर फॉन' अमुक, बायकोचे 'फ्राइफ्राउ फॉन' अमुक आणि अविवाहित मुलीचे 'फ्राइइन फॉन' अमुक असे असू शकते, आणि तरीही नोंदणी कार्यालय शांतपणे सांगते की हे एकच आडनाव आहे. स्टेफी ग्राफ आणि मारियोन ग्रेफिन डोनहॉफ यांच्यातला फरक इथे उलगडतो. एकीचे आडनाव शतकांपूर्वीच आडनाव झाले आणि गोठले. दुसरीचे १९१९ मध्ये आडनाव झाले, पण त्याने आपले व्याकरण सोडले नाही.

डोनहॉफबाईंबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण या कायद्याचा अर्थ मला त्यांच्या आयुष्यातूनच नीट समजला. २ डिसेंबर १९०९ रोजी पूर्व प्रशियातल्या फ्रीडरिशश्टाइन या घराण्याच्या वाड्यात त्यांचा जन्म झाला. वायमारची घटना अमलात आली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, म्हणजे 'ग्रेफिन' हा किताब त्यांना जन्मतः मिळाला आणि शाळकरी वयातच त्याचे आडनाव झाले. नाझी सत्तेवर आल्यावर त्या स्वित्झर्लंडला गेल्या आणि बाझेलला अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतल्या. पुढे घराण्याच्या शेतीवाडीचा कारभार त्यांनी स्वतः पाहिला. हिटलरच्या विरोधातल्या कटात सहभागी असलेल्या माणसांशी त्यांचा निकटचा संबंध होता. १९४४ च्या २० जुलैचा हिटलरवरचा हल्ला फसल्यानंतर त्यांतले कित्येक जण फासावर गेले. १९४५ च्या जानेवारीत लाल सेना जवळ आली, तेव्हा बर्फातून निघालेल्या निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर त्या घोड्यावर बसून पश्चिमेकडे निघाल्या आणि कित्येक आठवड्यांच्या प्रवासानंतर वेस्टफालियात पोचल्या. वाडा गेला, जमीन गेली, ज्या मुलखामुळे त्या घराण्याला किताबाचा अर्थ होता तो मुलूखच पोलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात वाटला गेला. १९४६ मध्ये त्या नव्याने निघालेल्या 'डी त्साइट'मध्ये रुजू झाल्या, पुढे संपादक आणि मग प्रकाशक झाल्या, आणि २००२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या साप्ताहिकाशी जोडलेल्या राहिल्या. कचेरीत सगळे त्यांना 'ग्रेफिन' म्हणत.

ज्या बाईने पूर्वेकडच्या गमावलेल्या भूमीवरचा हक्क मनातून सोडून दिला आणि पोलंडशी समेट व्हावा म्हणून लेखणी झिजवली, तिच्याकडे त्या जुन्या जगातली एकच गोष्ट उरली होती : आडनाव. प्रजासत्ताकाने ते तिच्याकडे राहू दिले, हे मला योग्य वाटते. त्या आडनावाने तिला कोणताही अधिकार दिला नाही, करातून सूट दिली नाही, मतपेटीसमोर तिचे मत जड केले नाही. मान मिळाला तो लेखांमुळे.

किताब आणि आडनाव यांतला फरक किती खरा आहे, हे दाखवणारी एक घटना २०११ मधली आहे. त्या वेळचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांचे नाव इतके लांबलचक आहे की, २००९ मध्ये ते मंत्री झाले तेव्हा इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कुणी तरी त्यांच्या नावांच्या रांगेत एक खोटे 'विल्हेल्म' घुसवले आणि मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी ते जसेच्या तसे छापले. दोन वर्षांनी त्यांच्या प्रबंधात उसनवारी सापडली. बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली, आणि १ मार्च २०११ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. डॉक्टरेट ही मिळवलेली पदवी, म्हणून ती परत घेता आली. 'फ्राइहेर' मात्र तसाच राहिला, कारण तो आता पदवी नव्हता. तो त्यांचे आडनाव होता, आणि गैरवर्तनाबद्दल कुणाचे आडनाव काढून घेता येत नाही. राजेशाहीत राजा एखाद्याचा उमरावपणा काढून घेऊ शकत असे. प्रजासत्ताकाने नाव माणसाच्या मालकीचे केले, आणि त्यामुळेच ते अधिक पक्के झाले.

शेजारच्या ऑस्ट्रियाने उलटी वाट धरली. ३ एप्रिल १९१९ च्या कायद्याने तिथे उमरावपणा आणि त्याची सारी संबोधने रद्द झाली. ग्राफ, फ्राइहेर, त्यांच्या खालचे रिटर आणि एडलर, आणि आडनावाआधी येऊन उमरावपण दाखवणारा 'फॉन'देखील. ही नावे वापरणाऱ्याला २०,००० क्रोनपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. क्रोन हे चलन १९२५ मध्ये गेले, पण कायदा राहिला. अर्थशास्त्रज्ञ हायेक १८९९ मध्ये व्हिएन्नात 'फॉन हायेक' म्हणून जन्मले आणि विशीत नुसते हायेक झाले. संगीतसंचालक कारायान यांचे कागदोपत्री नाव नुसते कारायान, 'फॉन' उरला तो रंगमंचावरच्या नावात. शेवटच्या सम्राटाचे पुत्र ओटो जर्मनीत 'फॉन हाब्सबुर्ग' होते, ऑस्ट्रियात 'हाब्सबुर्ग-लोथ्रिंगेन'. एकाच माणसाचे नाव सीमा ओलांडली की बदलत होते. एका जुन्या काउंटाने तर आपल्या भेटपत्रावर छापून घेतले होते म्हणतात, की आपल्या घराण्याला कार्ल द ग्रेटने, म्हणजे शार्लमेनने, उमराव केले आणि कार्ल रेनरने उमरावपण काढून घेतले. रेनर त्या वेळी ऑस्ट्रियाचे सरकारप्रमुख होते.

ऑस्ट्रियाचे कारण मला समजते. साम्राज्य नुकतेच बुडालेले, सम्राटाचे घराणे जिवंत आणि दावेदार, आणि नवे राज्य इतके लहान व लुळे की जुन्या नावांचीही त्याला भीती वाटावी. पण पुढे शंभर वर्षे हा कायदा त्याच ताठरपणे चालवला जातो, तेव्हा त्याची झळ साम्राज्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांना लागते. व्हिएन्नात जन्मलेल्या एका स्त्रीला १९९१ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, एका जर्मन गृहस्थाने दत्तक घेतले. त्याचे आडनाव 'फ्युर्स्ट (इंग्रजीत प्रिन्स) फॉन झाइन-विटगेनश्टाइन', म्हणून तिचे झाले 'फ्युर्स्टिन फॉन झाइन-विटगेनश्टाइन'. जर्मनीत राहून वाडे आणि मोठी घरे विकण्याचा व्यवसाय तिने याच नावाने केला. ऑस्ट्रियाने तिला याच नावाचा पासपोर्टही दिला. मग २००७ मध्ये व्हिएन्नाच्या नोंदणी कार्यालयाने ठरवले की ही नोंद चुकीची आहे, आणि नाव कापून नुसते 'झाइन-विटगेनश्टाइन' केले. पंधरा वर्षे ज्या नावाने सह्या केल्या, करार केले, बँकेचे व्यवहार केले, ते एका नोंदीने अर्धे झाले. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये निकाल लागला. नाव बदलल्याने तिच्या मुक्त संचाराच्या हक्काला बाधा येते हे न्यायालयाने मान्य केले, पण कायद्यापुढे सारे समान हे तत्त्व राखण्यासाठी ऑस्ट्रियाला तसे करता येते, असे ठरवले.

हा निकाल तर्काला धरून आहे, पण तो मला पटत नाही. समानता राखायची तर सगळ्यांना नियम सारखा लावावा, हे खरे. पण तिच्या हातात कोणताच विशेषाधिकार नव्हता की जो काढून घेतल्याने कुणी शेजारी अधिक समान झाला. जे काढले ते फक्त ओळख पटवण्याचे साधन. ज्या राज्याने स्वतःच पासपोर्टावर एक नाव छापून दिले, त्याने तेच नाव पुढे गुन्हा मानावे, यात समानतेपेक्षा जुन्या भीतीचाच वाटा मला मोठा दिसतो.

अर्थात जर्मन वाटेलाही किंमत मोजावी लागली. आडनाव म्हणजे आडनाव, मग ते दत्तकविधानानेही मिळते. राजेशाहीत दत्तक मुलाला उमरावपण आपोआप मिळत नसे, त्याला राजाची मंजुरी लागे. आता राजा नव्हता, म्हणजे मंजुरी देणाराही नव्हता. पुढे हिटलरचा परराष्ट्रमंत्री झालेला योआखिम रिबेनट्रॉप याला १९२५ मध्ये, तिशी उलटल्यावर, 'फॉन' लावणाऱ्या दूरच्या आत्याने दत्तक घेतले, आणि त्याच्या नावात 'फॉन' आला. अर्ध्या शतकानंतर, १९८० मध्ये, आन्हाल्ट घराण्यातल्या एका म्हाताऱ्या राजकन्येने हान्स-रॉबर्ट लिश्टेनबर्ग नावाच्या माणसाला दत्तक घेतले. तो 'प्रिन्स फॉन आन्हाल्ट' झाला आणि पुढे त्याने हॉलिवूडची अभिनेत्री झा झा गाबोर हिच्याशी लग्न केले. त्यानंतर त्याने स्वतः पैसे घेऊन प्रौढ माणसांना दत्तक घेतले, आणि आडनावाचा धंदा उघडपणे चालू झाला. यातला दुःखाचा भाग असा की, दत्तकविधान ही मुळात एखाद्या पोरक्या जिवाला घर देण्यासाठी केलेली सोय, आणि तिचा वापर नावाच्या खरेदीविक्रीसाठी झाला. जर्मन न्यायालयेही आता अशा वाटांकडे संशयाने पाहतात. ब्रिटनमध्ये राहून एका साध्या प्रतिज्ञापत्राने आपल्या नावात 'ग्राफ' आणि 'फ्राइहेर' दोन्ही घालून घेतलेल्या एका जर्मन नागरिकाचे नाव जर्मनीने मान्य केले नाही, आणि २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा नकाराला अटींसह वाट मोकळी ठेवली.

मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, फडणीस, चिटणीस, सबनीस, इनामदार, जहागीरदार ही सगळी कामांची आणि वतनांची नावे. परगणे आणि कुलकर्णी वतने मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने रद्द झाली, महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले, आणि त्याआधीच आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने नवे किताब देणे बंद केले होते. पण कुठल्याही सरकारने देशमुखांना 'देशमुख' लावायला मनाई केली नाही, आणि सातबाऱ्यावर नावे तशीच राहिली. आपल्याकडे कायद्याने वतन आणि आडनाव यांची गल्लत केली नाही, हे आपले भाग्य म्हणायला हवे. दत्तकाचा प्रश्न मात्र आपण फार वेगळ्या वेदनेने अनुभवला आहे. १८४८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपतींचे दत्तकविधान अमान्य करून राज्यच खालसा केले. तिथे दत्तकाबरोबर गादी जात होती, म्हणून सत्तेने दत्तक नाकारला. जर्मनीत दत्तकाबरोबर फक्त नाव जात होते, म्हणून कुणाला ते अडवावेसे वाटले नाही.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचा वाटणारा बदल फार गाजावाजा न होता झाला. १ जुलै १९७६ पासून जर्मनीत लग्नानंतर नवराबायकोला दोघांपैकी कुणाचेही आडनाव कुटुंबाचे आडनाव म्हणून निवडता येऊ लागले, आणि १९९४ मध्ये तर आपापली आडनावे कायम ठेवण्याचीही मुभा मिळाली. जुन्या उमरावी प्रथेत किताब वाहत असे तो पुरुषाकडून औरस मुलाकडे, एवढ्या एकाच ओढ्यातून. ग्राफाच्या मुलीने एखाद्या शिक्षकाशी लग्न केले की तिच्या मुलांचा त्या नावाशी संबंध संपला. आता ती मुले आईचे आडनाव लावू शकतात. मुलगा असेल तर 'ग्राफ', मुलगी असेल तर 'ग्रेफिन', आणि त्यांचे वडील, हवे असेल तर, स्वतःही 'ग्राफ' होऊ शकतात.

उमराव घराण्यांच्या संघटनांना हे मान्य नाही. १७६३ पासून १९४४ पर्यंत गोथा शहरातून निघालेल्या उमरावांच्या वार्षिक सूचीचा वारसा चालवणाऱ्या मंडळींची एक खासगी समिती आहे. जुन्या नियमांनी कोण खरा उमराव आणि कोण नुसता आडनावाचा धनी, हे ती ठरवते. तिच्या निर्णयाला कायद्यात कसलेही वजन नाही, पण घराण्यांच्या मेळाव्यांत आणि ग्रंथांत आहे. तिच्या हिशेबात आईकडून नाव मिळालेला तो मुलगा उमराव नाही, आणि त्याच्या मामाचा मुलगा आहे. जर्मन जन्मनोंदणीत मात्र दोघांच्याही आडनावाचा पहिला शब्द 'ग्राफ' असाच लिहिला जातो, एकाच शाईने आणि एकाच रकान्यात. ज्या घराण्यांनी लेकींना शतकानुशतके नावाबाहेर ठेवले, त्यांच्या लेकींना हे नाव मुलांना देण्याचा हक्क एका साध्या नागरी कायद्याने दिला. माझ्या दृष्टीने त्या रकान्यातली नोंद समितीच्या ग्रंथापेक्षा अधिक खरी आहे.